कडव्या वालांचे रसायन उलगडणाऱ्या कमलाबाई

पाऊस सुरू झाला की डोंबिवली स्थानकाबाहेर आदिवासी बायकांच्या टोपल्यांत शेवळे दिसू लागतात आणि त्यांच्या शेजारी काकडांचे छोटे वाटे. श्रावणात सोललेल्या डाळिंब्यांना मागणी वाढते आणि पोळी-भाजी केंद्रांतले वालाचे बिरडे दुपारच्या आतच संपते. गणपतीत अळूचे फदफदे, थंडीत राजमा, उपासाला सुरण आणि रताळी. हे सगळे आपल्या रोजच्या ताटातले पदार्थ. पण यांतला एखादा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला, तर घसा खाजण्यापासून उलट्या-जुलाबांपर्यंत काहीही होऊ शकते.

शेवळांबरोबर काकडे का घ्यायची, वाल रात्रभर का भिजवायचे, अळूत चिंच का घालायची, याची उत्तरे घरातल्या जुन्या बायकांनी अनुभवातून शोधली होती. दाण्याच्या आत नेमके काय असते आणि ते शिजवल्याने का जाते, याचे उत्तर मात्र प्रयोगशाळेत शोधावे लागले. आपल्याकडच्या कडधान्यांपुरते ते शोधण्याचे मोठे काम मुंबईत एका मराठी बाईंनी केले. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी. विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची नोंद होते आणि बहुतेकांना त्यांची तेवढीच ओळख असते. त्यांनी आपल्या स्वयंपाकघरासाठी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही.

रसायनशास्त्रज्ञांच्या घरात

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरची टाटांची विज्ञान संस्था, म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सुरू झाल्यावर तिथून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत दोघांची गणना होते. ज्येष्ठ लेखिका दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. एकीने लोकसंस्कृतीचा रस्ता धरला, दुसरीने रसायनशास्त्राचा. पण अन्नाविषयीचे कुतूहल दोघींना सारखेच होते. दुर्गाबाईंचे ‘खमंग’ हे पाककृतींचे पुस्तक आणि कमलाबाईंचे ‘आहारगाथा’ ही त्याची साक्ष.

या घराला अन्नातल्या विषाची झळही बसलेली आहे. आदिवासी जीवनाच्या अभ्यासासाठी मध्य प्रांतात फिरत असताना दुर्गाबाईंना सुरणाची विषबाधा झाली आणि पुढची काही वर्षे त्यांना अंथरुणावर काढावी लागली. बाजारातला सुरण ही शतकानुशतके निवडून लावलेली जात आहे. रानातले त्याचे भाऊबंद तितके निरुपद्रवी नसतात. आपली शेवळेही त्याच कुळातली.

बंगळूरचा बंद दरवाजा

१९३३ मध्ये कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवली. रसायनशास्त्र हा मुख्य विषय, जोडीला भौतिकशास्त्र. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले तिथेच संशोधन करायचे, हे त्यांनी आधीपासून ठरवले होते. गुण पाहता प्रवेशाला अडचण येण्याचे कारण नव्हते, पण अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. १९३० मध्ये नोबेल मिळाल्याने त्यांचा देशभर दबदबा होता. संशोधनाच्या कामाला स्त्रिया योग्य नाहीत, असे त्यांचे मत होते.

कमलाबाईंनी हा नकार स्वीकारला नाही. त्या काळात देशात ठिकठिकाणी जे चालले होते, तेच त्यांनी बंगळूरला केले. रामन यांच्या कार्यालयासमोर त्यांनी सत्याग्रह मांडला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, गरज पडल्यास रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. शिवाय त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये, अशीही एक अट होती. ही शेवटची अट जिव्हारी लागण्यासारखी होती. कमलाबाईंनी अपमान गिळला, अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

त्यांचे मार्गदर्शक होते एम. श्रीनिवासय्या. ते शिस्तीचे कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. विषयाची निवड लक्षात घेण्यासारखी आहे. देशातल्या बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळीतून, मांसातून नव्हे. त्या डाळीत नक्की काय आणि किती आहे, यावर तेव्हा भारतात फारच थोडे काम झाले होते. १९३५ मध्ये डाळींमधल्या नत्रयुक्त घटकांवरचा त्यांचा निबंध ब्रिटनच्या जैवरसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह पूर्ण केले.

वर्षभरातच रामन यांचे मत बदलले होते. कमलाबाईंना नियमित मान्यता मिळाली आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका मुलीच्या वर्षभराच्या कामाने पुढच्या सगळ्या मुलींची वाट मोकळी झाली.

केंब्रिजमधला बटाटा

पुढे शिष्यवृत्तीवर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. अन्नात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांपलीकडे आणखी काही सूक्ष्म घटक लागतात, हे दाखवणाऱ्यांपैकी हे एक. त्याबद्दल त्यांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले होते. आहारशास्त्र शिकण्यासाठी याहून मोठी जागा तेव्हा जगात क्वचितच असेल. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर आणि ते दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले.

हिल यांच्याकडे काम चालले होते ते वनस्पतींच्या ऊतींवर, आणि हाताशी होता साधा बटाटा. प्राण्यांच्या पेशी श्वसनासाठी सायटोक्रोम सी नावाचे प्रथिन वापरतात, हे माहीत झाले होते. वनस्पतींच्या पेशींतही ते असते, हे कमलाबाईंना बटाट्यावर काम करताना आढळले. म्हणजे ऊर्जा मिळवण्याची मूळ यंत्रणा बटाट्यात आणि माणसात एकाच जातीची आहे. एवढ्या मोठ्या शोधाचा त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. केंब्रिजला पोहोचल्यापासून १४ महिन्यांत त्यांनी तो सादर केला.

१९३९ मध्ये पदवी मिळाली. परदेशात राहून काम करण्याची संधी असूनही त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि शिक्षणाचा उपयोग इथल्या लोकांना व्हावा, हा त्यांचा निश्चय होता.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्या जैवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तिथून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. कुन्नूरला त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. काही खाद्यपदार्थांतले घटक ब१ जीवनसत्त्व निष्प्रभ करतात, हा त्यांचा तिथला एक विषय होता. अन्नात पोषक काय आहे याबरोबरच, पोषणाला आडवे येणारे काय आहे हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या कामात दिसतो. १९४७ मध्ये त्यांचा विवाह विमा गणिततज्ज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी झाला आणि त्या मुंबईला आल्या. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या परिचयाच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जैवरसायनशास्त्राचा विभाग नव्याने सुरू झाला होता. पुढचे सगळे महत्त्वाचे काम त्यांनी तिथे केले.

दाण्यातले कुलूप

आपण खाल्लेली प्रथिने पचवण्यासाठी स्वादुपिंडातून ट्रिप्सिन नावाचे विकर आतड्यात येते. ते प्रथिनांच्या लांब साखळीचे तुकडे करते आणि ते तुकडे रक्तात शोषले जातात. कडधान्याच्या दाण्याला मात्र स्वतःला वाचवायचे असते. कीड, पाखरे आणि जनावरे यांनी तो खाऊन पचवला तर रोप उगवणार कसे? म्हणून बऱ्याच दाण्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. त्यांना ट्रिप्सिन रोधक म्हणतात. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसे हे रोधक ट्रिप्सिनमध्ये घट्ट बसतात आणि ते विकर निकामी होते. मग दाण्यात प्रथिने भरपूर असली तरी अंगी लागत नाहीत.

सोयाबीन शिजवून दिल्याशिवाय उंदरांची वाढ नीट होत नाही, हे अमेरिकेत १९१७ मध्येच दिसले होते. १९४५ मध्ये सोयाबीनमधला असा रोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला गेला. पण सोयाबीन हे काही आपले रोजचे अन्न नव्हते. आपण खातो त्या भाज्या आणि कडधान्यांचे काय, हा प्रश्न कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला. भारतीय भाज्यांतल्या रोधकांवरचा निबंध १९५४ मध्ये आला, डाळी-कडधान्यांवरचा १९५५ मध्ये. पाठोपाठ रताळ्यातला रोधक, डबल बी आणि वाल यांतले रोधक यांच्यावर काम झाले. ते वेगळे करून, शुद्ध करून त्यांचे गुणधर्म तपासले गेले.

यांतला वाल आपल्या विशेष जिव्हाळ्याचा. रायगड आणि ठाणे पट्ट्यात भातानंतर शेतातल्या ओलीवर वाल घेतला जातो. कडवे वाल हे नाव उगाच पडलेले नाही. या दाण्यात ट्रिप्सिन रोधक असतात, सायनाइड सोडू शकणारे कडवट घटक थोड्या प्रमाणात असतात आणि तिसरा एक घटक असतो लेक्टिन. लेक्टिन ही साखरेच्या रेणूंना चिकटणारी प्रथिने. परीक्षानळीत ती तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतात. पोटात गेल्यावर आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला इजा करतात. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत वालातले लेक्टिन वेगळे करून उंदरांच्या खाद्यात मिसळले गेले. त्या उंदरांची वाढ खुंटली आणि यकृतालाही इजा झाल्याचे आढळले. हे काम १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. चार भारतीय कडधान्यांतली शुद्ध लेक्टिने उंदरांना किती घातक ठरतात, याचा त्यांच्या गटाचा निबंध १९७२ मध्ये आला.

हे वाचून वाल खायचे सोडण्याचे कारण नाही. ट्रिप्सिन रोधक काय आणि लेक्टिन काय, दोन्ही शेवटी प्रथिनेच आहेत. पुरेशी उष्णता मिळाली की प्रथिनांची घडी मोडते. अंडे उकडल्यावर जसे पुन्हा पातळ होत नाही, तसेच उकळून मोडलेले लेक्टिन पुन्हा कामाचे राहत नाही. भिजवल्याने दाण्यात आतपर्यंत पाणी शिरते आणि उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचते. मोड येताना दाण्यातले काही अनिष्ट घटक कमी होतात. साले काढल्याने आणि भिजवलेले पाणी टाकल्याने कडवटपणा जातो. वाल रात्रभर भिजवणे, मोड आणणे, कोमट पाण्यात टाकून सोलणे आणि मग मऊ शिजवणे, या बिरड्याच्या चार पायऱ्या म्हणजे विष काढून टाकण्याचीच कृती आहे. यांतली शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. भिजवणे आणि मोड आणणे हे शिजवण्याला पर्याय नाहीत.

राजमा आणि मंद आच

लेक्टिनचा सर्वांत मोठा साठा लाल राजम्यात असतो. कच्च्या राजम्याचे चार-पाच दाणेही त्रास द्यायला पुरेसे ठरतात. एक ते तीन तासांत जोराची मळमळ, मग उलट्या, पाठोपाठ जुलाब आणि पोटदुखी. बहुतेक माणसे काही तासांत सावरतात, पण लहान मुले आणि वृद्ध यांच्या शरीरातले पाणी कमी होण्याची भीती असते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून अशा घटना लक्षात येऊ लागल्या. बऱ्याच ठिकाणी कारण सारखेच होते. राजमा नुसता भिजवून कच्चा खाल्लेला, किंवा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात अर्धवट शिजवलेला.

ही दुसरी गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अशा भांड्यात कित्येकदा आतले तापमान ८० अंशांच्याही खाली राहते. दाणा मऊ होतो, खाण्याजोगा वाटतो, पण लेक्टिन मोडत नाही. उलट अशा तापमानाला त्याचा विषारीपणा कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी टाकावे आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळावा. दहा मिनिटे ही किमान मर्यादा झाली, अर्धा तास उकळणे अधिक सुरक्षित.

आपल्या घरांतला प्रेशर कुकर या बाबतीत मोठा आधार आहे. त्यात तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते आणि भिजवलेल्या कडधान्यातले लेक्टिन टिकत नाही. अडचण होते ती घाईत. सकाळची लोकल गाठायची म्हणून न भिजवलेला राजमा दोन शिट्ट्यांवर उतरवला आणि दाणा मधोमध कडक राहिला, तर तो परत शिजवायला हवा. दाणा बोटांनी सहज चिरडला गेला पाहिजे, ही घरगुती कसोटी पक्की लक्षात ठेवावी.

डबल बीमध्ये सायनाइड सोडणारे घटकही असतात, विशेषतः रंगीत आणि रानटी जातींत. ती भिजवून, पाणी टाकून, झाकण न ठेवता एक उकळी काढावी, तेही पाणी टाकावे आणि मगच शिजवावी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्या कसाव्यातही हेच घटक असतात. कंद सोलणे, किसणे, धुणे, पिष्ट निवळू देणे आणि भाजणे या प्रक्रियांतून ते निघून जातात. म्हणून दुकानातला साबुदाणा निर्धोक, पण कच्चा कसावा कधीही खाऊ नये.

सगळीच विषे शिजवून जात नाहीत

इथे एक सावधगिरी हवी. शिजवले की सगळे ठीक, असे मानण्यात धोका आहे. बटाट्याचेच उदाहरण घ्या. उजेडात राहून हिरवा पडलेल्या किंवा कोंब आलेल्या बटाट्यात सोलानिन वाढते. ते प्रथिन नव्हे. उकळून किंवा तळून ते फारसे कमी होत नाही. हिरवा भाग आणि कोंब खोल कापून टाकावेत, बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर पूर्ण फेकून द्यावा. हिरवा रंग स्वतः विषारी नसतो, तो फक्त इशारा असतो.

अळू, सुरण आणि शेवळे यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात टोचतात, म्हणून खाज सुटते आणि सूज येते. इथे चिंच, कोकम, काकडे अशा आंबटाची जोड आणि भरपूर शिजवणे हा जुना उपाय आहे. शेवळांचा पिवळा दाणेदार भाग आधी काढून टाकतात. लहान मुलाने अळूचे कच्चे पान चावले आणि ओठ-जीभ सुजू लागली, तर तोंड धुऊन थंड पाणी किंवा दूध द्यावे. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास दिसला तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. मूत्रखड्याचा त्रास असलेल्यांनी हे पदार्थ बेतानेच खावेत.

विदर्भातली लाखोळी डाळ हे तिसरे उदाहरण. तिच्यातला घटक मज्जासंस्थेवर परिणाम करतो. दुष्काळात महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ही डाळ खाणाऱ्यांच्या पायांत कायमचा ताठरपणा येतो. भिजवून पाणी टाकल्याने तो घटक कमी होतो, पण पूर्ण जातोच असे नाही.

नीरा आणि आदिवासी मुले

कमलाबाईंचे दुसरे मोठे काम नीरेवरचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हा अभ्यास हाती घेतला. ताड-माडाच्या जातीच्या झाडांपासून मिळणारा हा रस ताजा असताना गोड असतो. ऊन चढू लागले की तो आंबतो आणि त्याची ताडी होते. म्हणजे इथेही प्रश्न होता तो नीट हाताळण्याचाच. नीरेत क जीवनसत्त्व, लोह आणि इतर पोषक घटक असतात आणि तिच्यापासून केलेल्या गुळातही त्यांतले बरेच टिकतात, असे त्यांच्या संशोधनात आढळले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला. दूध नासू नये यासाठी त्यांनी पद्धत बसवून दिली. वाल असो, नीरा असो की दूध, त्यांच्या कामाचे सूत्र सारखेच होते. सामान्य माणसाला परवडणारे अन्न सुरक्षित कसे राहील आणि अंगी कसे लागेल.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदावर त्यांचा हक्क असूनही अंतर्गत राजकारणामुळे ते पद त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. बंगळूरच्या त्या दाराबाहेर उभे राहिल्याला तेव्हा तीस वर्षे उलटून गेली होती.

ग्राहकांच्या बाजूने

प्रयोगशाळेतले काम लोकांपर्यंत पोहोचायला हवे, हे कमलाबाई जाणून होत्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली. देशातली ग्राहकांची ही अगदी सुरुवातीची संघटना. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या. खाद्यपदार्थांतली भेसळ, बाजारातल्या वस्तूंचा दर्जा आणि ग्राहकाचा हक्क हे संस्थेचे विषय होते. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. ‘कीमत’ या संस्थेच्या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षेवर लेख लिहिले. ‘आहारगाथा’ लिहिले तेही मराठी घरांसाठी. केंब्रिजची डॉक्टरेट मिळवलेली बाई हळद-तिखटातल्या भेसळीविषयी सोप्या भाषेत लिहिते, यात तिला काही कमीपणा वाटत नव्हता.

१९९८ मध्ये, वयाच्या शहाऐंशीच्या घरात असताना, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. सोहळ्यातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. देशाने त्यांची दखल घेतली, पण फार उशिरा.

घरात काय पाळावे

आज वाल, राजमा, चवळी आणि सोयाबीन पुन्हा ताटात येत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. महाग पावडरींपेक्षा ही प्रथिने स्वस्त आणि टिकाऊ आहेत. पण त्याबरोबर कच्चे मोड खाण्याचीही टूम आली आहे. मूग त्यातल्या त्यात सोसतो. वाल, राजमा, डबल बी, चवळी आणि सोयाबीन मात्र कच्चे खाऊ नयेत. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते, हेही विसरू नये. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीशी जोडल्या गेलेल्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यामुळे गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कोणतेही मोड वाफवूनच खावेत.

• कडधान्ये रात्रभर भिजवा, पावसाळ्यात पाणी एकदा बदला. भिजवलेले पाणी आमटीत वापरू नका.

• राजमा, वाल आणि डबल बी ताज्या पाण्यात खळखळ उकळा किंवा कुकरमध्ये पूर्ण मऊ करा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात टाकायचे असल्यास आधी वेगळे उकळून घ्या.

• बाजारातून सोललेल्या डाळिंब्या आणल्या तरी त्या कच्च्याच असतात. परतून चालणार नाही, शिजवाव्याच लागतात.

• बटाटे अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. हिरवे आणि कोंबाळलेले वापरू नका.

• रानातले कंद आणि भाज्या ओळखीच्या, जाणत्या विक्रेत्यांकडूनच घ्या आणि शिजवण्याची रीत त्यांनाच विचारा. ती रीत पुस्तकापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

• कडधान्य खाल्ल्यावर दोन-तीन तासांत घरातल्या अनेकांना एकदम उलट्या सुरू झाल्या, तर काय खाल्ले आणि ते कसे शिजवले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे देत राहा. उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा मूल सुस्तावले असेल, तर रुग्णालयात न्या.

आजीने सांगितलेले प्रत्येक पथ्य शास्त्राच्या कसोटीला उतरतेच असे नाही. पण वाल भिजवून, सोलून, मऊ शिजवण्याची रीत उतरली, आणि ती का उतरते हे मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. बिरड्यासाठी वाल निवडताना एवढे ध्यानात राहिले, तर दोन शिट्ट्या वाचवण्याचा मोह आपोआप कमी होईल.